रानट्युलिपचे कंद दरवर्षी काढू नयेत
फुले सरल्यावर ट्युलिपचे कंद दरवर्षी काढून कोरड्या जागी ठेवावेत, हा सल्ला मोठ्या फुलांच्या संकरित वाणांपुरता योग्य आहे. इराणपासून पश्चिम हिमालयापर्यंतच्या उतारांवर आपसूक वाढणाऱ्या ट्युलिपा क्लुसियानाला मात्र तो लागू करू नये. या जातीचा कंद जमिनीखाली बारीक धुमारे सोडतो आणि त्यांच्या टोकांशी नवे कंद धरतात. एकदा वाफा हलवताना मी खणले, तेव्हा मूळ कंदाहून बरेच खोल, पांढऱ्या दोऱ्यासारख्या धुमाऱ्याच्या टोकाला वाटाण्याएवढा कंद सापडला. तसे कितीतरी धुमारे खुरप्याने आधीच तुटले होते, याची हळहळ अजून वाटते. पाने पूर्ण पिवळी पडेपर्यंत कापू नयेत आणि उन्हाळ्यात, कंद विश्रांती घेत असताना, तिथे पाणी साचू देऊ नये.