प्रतिसाद: पायलट ग्रांट की थेट आर०१?

वर विचारलंय की नवीन फॅकल्टीने डायबेटिस सेंटरच्या पायलट ग्रांटच्या (सुरुवातीचा डेटा जमवायला मिळणाऱ्या छोट्या निधीच्या) मागे लागावं की सरळ एनआयएचच्या (अमेरिकन सरकारच्या आरोग्य-संशोधन संस्थेच्या) आर०१ला, म्हणजे तिथल्या मोठ्या स्वतंत्र संशोधन ग्रांटला, हात घालावा. माझं मत विचाराल तर आधी पायलट, कारण आर०१च्या रिव्ह्यूअरला प्राथमिक डेटा दिसला नाही की आयडिया कितीही भारी असली तरी तो कुरकुरतोच. अमेरिकेतल्या ज्या युनिव्हर्सिटी डायबेटिस सेंटरांना एनआयडीडीकेचं (एनआयएचच्या डायबेटिस वगैरे बघणाऱ्या शाखेचं) पी३० फंडिंग, म्हणजे सेंटर चालवायची ग्रांट, आहे त्यांच्याकडे हा पायलट अँड फिजिबिलिटी प्रोग्रॅम असतोच, आणि तो फक्त नवख्यांसाठी नाही बरं का, कॅन्सर किंवा इम्युनॉलॉजीतला मुरलेला माणूस पहिल्यांदा डायबेटिसकडे वळत असेल तर त्यालाही चालतो.

पैसे तसे थोडेच मिळतात, पण खरी मजा कोअर्समध्ये, म्हणजे सेंटरच्या सामाईक लॅब-सुविधांमध्ये आहे. समजा तुम्हाला उंदरांमध्ये इन्सुलिन क्लॅम्प (शरीर इन्सुलिनला किती दाद देतं ते मोजायची चाचणी) करायचाय, म्हणजे कॅथेटर बसवा, उंदीर सावरेपर्यंत थांबा, मग इन्सुलिन चालू ठेवून साखर एका पातळीवर धरायला किती ग्लुकोज लागतं ते मोजत बसा. त्यात उंदीर नीट हाताळला नाही तर ताणानेच साखर वर जाते आणि सगळं मुसळ केरात. हे स्वतःच्या लॅबमध्ये उभं करण्यापेक्षा कोअरकडून करून घ्या आणि अर्ज लिहायच्या आधीच त्यांच्याशी बोला.

आणि हो, प्राण्यांवर किंवा पेशंटवर प्रयोग करायची संस्थेच्या समितीची परवानगी आधीच मार्गी लावा, ती हातात आल्याशिवाय त्या कामाचे पैसे सुटत नाहीत.