मदत हवी आहे: सकाळी टेबलावर पाणी, कपाटामागे बुरशी. लाकूड कसं वाचवावं?

बेडरूममध्ये रात्रभर एसी २२ अंशांवर चालतो. सकाळी तो बंद करून खिडकी उघडली की थोड्याच वेळात सागवानी टेबलावर बारीक थेंब धरतात. पॉलिशवर पांढुरके चट्टे आले आहेत. त्याच खोलीत प्लायवूडचं कपाट भिंतीला टेकून आहे, पुढून लॅमिनेट आणि मागून कोरं प्लाय. कपड्यांना कुबट वास येतो, पाठीला तळाशी बुरशी आहे, खालचा लाकडी ड्रॉवर अडकतो. पुन्हा पॉलिश केलं तर थांबेल का? ओल शोषणारे डबे ठेवावेत का?

प्रतिसाद १

पॉलिशला इतक्यात हात लावू नका. ही दोन वेगळी दुखणी दिसतात.

आधी टेबल. बाहेरची हवा ३० अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल, तर त्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊन धरू लागते तो, साधारण २६ अंश येतो. तुमचं टेबल रात्रभरात २२-२३ अंशांपर्यंत गार झालेलं असतं. ती हवा आत आली की टेबलावर पाणी धरणारच. एसी २६ वर ठेवा, त्याचा झोत टेबलावर येऊ देऊ नका. बंद केल्यावर खिडकी लगेच उघडू नका; पंखा लावून तासभर जाऊ द्या, फर्निचर कोमट होऊ द्या. थेंब दिसलेच तर सुक्या सुती कापडाने लगेच टिपा.

कपाटाचं पाणी कुठून येतंय ते मात्र तपासावं लागेल. कपाट पुढे ओढा. भिंतीवर फूटभर चौरस प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने पक्का बंद करून ४८ तास ठेवा. कागदाच्या आतून ओल आली तर पाणी भिंतीतलं. बाहेरच्या बाजूने दव धरलं तर ते खोलीतल्या हवेतलं.

प्रतिसाद २

डब्यांबद्दल. कॅल्शियम क्लोराइडचे डबे मोकळ्या खोलीत ठेवून काही साधत नाही, हवा सतत बदलत असते. घट्ट बंद होणाऱ्या कपाटात थोडा उपयोग होतो. पण त्यात साठणारं खारं पाणी सांडलं तर बिजागऱ्या गंजतात आणि लाकडावर डाग पडतो, म्हणून डबा प्लास्टिकच्या ट्रेमध्येच ठेवा. डांबरगोळ्यांनी ओल कमी होत नाही, नुसता वास झाकला जातो.

त्यापेक्षा एक हायग्रोमीटर (हवेतली आर्द्रता मोजणारं उपकरण) घ्या आणि आधी पारखून घ्या: बाटलीच्या झाकणात मीठ, त्यात ओल्या वाळूसारखं होईल इतकंच पाणी, आणि दोन्ही बंद पिशवीत रात्रभर. काटा ७५ वर यायला हवा. जितका फरक, तितका पुढच्या प्रत्येक मोजणीत धरा. खोली ६० टक्क्यांच्या खाली राहिली तर बुरशीची चिंता फारशी उरत नाही.

धागाकर्ता

कागद लावून पाहिला. आतून ओला आहे, तोही खालच्या भागातच. भिंतीपलीकडे बाथरूम आहे.

प्रतिसाद १

मग आधी बाथरूम. टाइल्सचे सांधे, नळाची जोडणी, पाणी जाण्याच्या जाळीच्या कडा तपासून गळती बंद करा. बेडरूमच्या बाजूने वॉटरप्रूफ रंग मारण्याचा मोह टाळा. पाणी आतच राहतं आणि रंगाला फुगे येतात, किंवा ओल आणखी वर चढते.

बुरशी कोरड्या ब्रशने झाडू नका, बीजाणू खोलीभर उडतात. मास्क घालून, ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर केलेल्या कापडाने पुसा, कापड फेकून द्या. हे अल्कोहोल टेबलाला लावू नका. पॉलिश लाखेचं असेल तर ते विरघळेल.

प्लाय सावलीत, पंख्याखाली वाळवा. उन्हात घाईने वाळवलं तर वाकतं, थर सुटतात. ओलावा मापक मिळाला तर पाठीचा आकडा वरच्या कोरड्या फळीइतका येईपर्यंत थांबा. मगच पाठीला आणि कापलेल्या कडांना पीयूचे (पॉलियुरेथेन वॉर्निशचे) दोन पातळ हात द्या. कडा पाणी सर्वांत जास्त पितात आणि सुतारकामात नेमक्या त्याच कोऱ्या राहतात. ओल्या प्लायवर हात दिलात तर ओल कोंडाल. भिंत सुकल्यावर कपाट परत लावताना मागे दोन-तीन इंच फट ठेवा, आणि तळ जमिनीला टेकत असेल तर खाली पीव्हीसीचे पाय बसवा.

प्रतिसाद ३

टेबलावरचे डाग पांढरे असतील तर पाणी पॉलिशच्या थरातच अडकलंय. कोरड्या हवेत बरेचदा ते आपोआप फिके होतात. काळे डाग म्हणजे पाणी लाकडापर्यंत पोचलंय. तिथलं पॉलिश काढूनच काम करावं लागेल. नवं पॉलिश करताना टेबलाच्या फळीची खालची बाजूही सोडू नका. एका बाजूने ओलावा जास्त गेला की फळी वाकते. पॉलिशने ओलावा पूर्ण अडत नाही, फक्त हळू शिरतो: हवेत ५० टक्के आर्द्रता असेल तर लाकडात सुमारे ९ टक्के पाणी असतं, ८० टक्के असेल तर सुमारे १६.

धागाकर्ता

आणि ड्रॉवर? सुताराला बोलावून रंधा मारून घेऊ का?

प्रतिसाद ३

आत्ता नाही. लाकूड रेषांच्या आडवं फुगतं, लांबीत जवळजवळ नाही, म्हणून ड्रॉवरच्या बाजू उंचीला वाढून घासताहेत. आत्ता रंधलंत तर सुकल्यावर तो खुळखुळेल. सध्या सरकपट्ट्यांवर साधी मेणबत्ती घासा. कपाट पूर्ण सुकल्यावरही अडकला, तर जिथे घासून चकाकी आली असेल तेवढंच पॉलिशपेपरने उतरवा.