पाथर्डी फाट्याजवळ स्विमिंग पूलवाला वन बीएचके भाड्याने घेतेय, टोकन द्यायच्या आधी काय बघू?

अंबड_शिफ्टवाली

नमस्कार मंडळी. मी अंबड एमआयडीसीत क्वालिटीला आहे. सध्या पंचवटीत राहते, पण सेकंड शिफ्ट सुटल्यावर घर गाठेपर्यंत जीव मेटाकुटीला येतो. म्हणून पाथर्डी फाटा, इंदिरानगर भागात घर शोधतेय. घरात मी आणि आई. आईचे दोन्ही गुडघे झिजलेत आणि फिजिओथेरपिस्टने पाण्यात चालायला सांगितलंय, त्यामुळे पूल असलेलीच सोसायटी हवी.

एक फ्लॅट आवडलाय. चौथा मजला, लिफ्ट आहे, बाल्कनीतून पांडवलेण्यांचा डोंगर दिसतो. भाडं १४,०००, डिपॉझिट ५०,०००. मेंटेनन्स त्यातच की वेगळा, हे एजंट सांगत नाही. पुलाचं विचारलं तर "सगळं तुमचंच आहे ताई" एवढंच उत्तर. पुलात पाणी आहे, पण पोहताना कुणी दिसलं नाही. काय काय विचारू?

गंगापूर_रोडकर

ताई, आमच्या सोसायटीचा मी काही वर्षं खजिनदार होतो, पुलाचा सगळा खर्च माझ्या हातून गेलाय. तेव्हा आधी पुलाबद्दलच सांगतो.

पूल आहे का, हे विचारूच नका. आई त्यात उतरू शकते का, ते बघा. बऱ्याच सोसायट्यांच्या पुलाला भिंतीला ठोकलेली स्टीलची उभी शिडी असते. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना त्या शिडीने खाली जाता येतं, वर मात्र येता येत नाही. सगळा भार एका गुडघ्यावर येतो आणि पायरीची दांडी तळपायाला रुतते. तुम्हाला रुंद पायऱ्या आणि धरायला कठडा असलेला पूल हवा. खोली कंबर ते छाती एवढी हवी. कंबरभर पाण्यात गुडघ्यावरचा भार साधारण निम्म्यावर येतो, चालायला सांगतात ते त्यासाठीच. मुलांच्या दीड-दोन फुटी पुलाचा आईला काही उपयोग नाही.

मग कामाच्या दिवशी सकाळी सातला जा, एजंटला न सांगता. काठावर उभं राहून सगळ्यात खोल भागातली, पाणी जायची तळाची जाळी स्पष्ट दिसते का बघा. पाण्याच्या रेषेवरच्या टाइल्सवरून बोट फिरवा, बुळबुळीत लागलं तर फिल्टर रोज चालत नाही. क्लोरीनचा नाकाला झोंबणारा वास आला म्हणजे पाणी स्वच्छ, असं लोक समजतात. खरं तर पाण्यात घाम-मळ साचला की तो वास वाढतो. वॉचमनला विचारा, फिल्टरची मोटर किती वाजता लावतात. खरं उत्तर तिथेच मिळतं.

उन्हाळ्याचंही विचारून घ्या. पाणीकपात लागली, टँकर सुरू झाले की मीटिंगमध्ये पहिला ठराव पूल बंद करण्याचा येतो. न पोहणाऱ्यांचं मत जास्त असतं आणि त्यांचं म्हणणं चूक आहे असंही नाही. पिण्याच्या पाण्यापुढे पूल मागेच राहणार. शिवाय आपल्याकडची थंडी! डिसेंबर-जानेवारीत न तापवलेल्या पाण्यात वयस्कर माणसाला उतरवू नका. म्हणजे वर्षातले कितीतरी महिने पूल नाहीच असं धरून भाडं ठरवा.

करारनामा

वरचं सगळं पटलं. कागदाचं मी सांगतो. लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे भाड्याचा करार, लेखी आणि नोंदणीकृतच करा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ नुसार ती जबाबदारी मालकाची आहे. ऑनलाइन, अंगठा लावून होतं. मुद्रांक एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के, डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरून तेही त्यात मिळवतात. तुमच्या आकड्यांना ११ महिन्यांचे साधारण ४०० रुपये होतील, वर महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. एजंट याहून बरंच जास्त सांगत असेल तर त्यात त्याची मजुरी किती, ते विचारा.

मेंटेनन्स कोण भरणार, पार्किंग कुठलं आणि भाडेकरूला पूल वापरता येईल की नाही, तिन्ही गोष्टी करारात शब्दांत हव्यात. नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, म्हणजे मालक स्वतः न राहता घर भाड्याने देतो त्याचं शुल्क, सोसायटी मालकाकडून घेते, सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच. ते तुमच्या माथी मारू देऊ नका. आणि लॉक-इन, म्हणजे ठरलेल्या काळात करार मोडायचा नाही ही अट, दोन्ही बाजूंनी ठेवा, २०२७ चा सिंहस्थ कुंभमेळा आहे, तेव्हा घर रिकामं करून मागण्याचा मोह काहींना होईल.

सिडकोची_मावशी

माझेही गुडघे असेच. मी त्र्यंबक रोडवरच्या महापालिकेच्या सावरकर तरणतलावावर जायचे. चांगली जागा आहे. तुम्हाला फाट्यावरून लांब पडेल, पण सोसायटीचा पूल बंद असेल तेव्हा नक्की चौकशी करा. आईसाठी पूर्ण बाह्यांचा, पायघोळ पोहण्याचा पोशाख मिळतो, साडी किंवा सुती ड्रेसवर सहसा उतरू देत नाहीत. पहिले काही दिवस तिच्यासोबत तुम्ही स्वतः पाण्यात उतरा, भीती तिथेच जाते. बायकांची वेगळी वेळ आहे का, तेही विचारा.

अंबड_शिफ्टवाली

सगळ्यांचे मनापासून आभार. आज फर्स्ट शिफ्टला जाताना बघून आले. शिडीच आहे हो, उभी. तळाची जाळी दिसत नाही. वॉचमन म्हणाला, मोटर रविवारी लावतात. घर मात्र खरंच छान आहे, हवा खेळती आहे. आता काय करू?

गंगापूर_रोडकर

मग पुलाचे पैसे देऊ नका. शेजारच्या बिनपुलाच्या इमारतींत वन बीएचकेचं भाडं काय चाललंय ते दोन-तीन ठिकाणी विचारा आणि मालकाशी थेट त्या आकड्यावर बोला, एजंटमार्फत नको. तो खाली आला तर घर घ्या, आईला तरणतलावावर न्या. नाही आला तर इंदिरानगरच्या बाजूला अजून बघा, फक्त पायऱ्यांचा फोटो आधी मागवून घ्या, म्हणजे हेलपाटा वाचेल.