रेस सुटत नाही आणि घाटात इंजिन बंद पडते: कोणाला असा अनुभव आहे का?

खानापूरकर

नमस्कार मंडळी. माझी ऑटोमॅटिक पेट्रोल गाडी तीन वर्षे जुनी असून ३८,००० किलोमीटर चालली आहे. गेल्या दोन महिन्यांत तिने मला दोनदा असे घाबरवले आहे, की घरच्यांना घेऊन चोर्ला घाटातून गोव्याला जाण्याचा बेत मी रद्द केला.

पहिला प्रसंग वंटमुरी घाटातला. निपाणीहून बेळगावकडे परतत होतो आणि मागे दोन ट्रॉल्यांचा उसाचा ट्रॅक्टर होता. कोणताही हिसका न बसता इंजिन एकदम शांत झाले, समोरचे सगळे लाल-पिवळे दिवे लागले आणि स्टिअरिंग दगडासारखे जड झाले. उरलेल्या वेगावर गाडी कशीबशी कडेला घेतली. सेल्फ फिरत होता, पण इंजिन पकडत नव्हते. वीस मिनिटांनी मात्र पहिल्याच प्रयत्नात, काही घडलेच नाही अशा थाटात, ते सुरू झाले.

दुसरा प्रसंग जांबोटीजवळचा. एका टेम्पोला मागे टाकून मी पाय उचलला, तरी इंजिनाचा आवाज खाली येईना आणि गाडी पुढे खेचतच राहिली. ब्रेकवर सगळे वजन टाकले, इंजिन बंद केले, तेव्हा ती बाजाराच्या तोंडाशी थांबली. पुन्हा सुरू केल्यावर सर्व सुरळीत होते.

बेळगावच्या सर्व्हिस सेंटरमध्ये स्कॅनर लावून ‘दोष आढळला नाही’ असे सांगितले. गाडी कोल्हापुरात घेतलेली असल्यामुळे ‘विकणाऱ्यांशी बोला’ असाही सल्ला मिळाला, तर कोल्हापूरचे लोक म्हणतात की गाडी कर्नाटक पासिंगची आहे, बेळगावातच दाखवा. सीमाप्रश्न गाडीलाही सुटलेला नाही, असे म्हणायचे. दोन्ही प्रसंगांचे कारण एकच असेल का, आणि दाद कोणाकडे मागावी?

जुना फोरमन

माझे आयुष्य उद्यमबागेत आणि नंतर स्वतःच्या गॅरेजात गेले, त्या अनुभवावरून लिहितो. आपण दोन तक्रारींची एक तक्रार केली आहे आणि माझ्या मते चूक तिथेच होते आहे. गाडी बंद पडणे आणि रेस न सुटणे यांचे मूळ कधीकधी एक असते, हे खरे. थ्रॉटल बॉडीत, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या भागात, काजळी साचली, तर तिथली झडप नीट बसत नाही. मग सिग्नलला स्लो रनिंग खाली जाऊन इंजिन मरते, किंवा झडप किंचित उघडी राहून रेस चढलेली राहते. पण आपली गाडी सिग्नलला बंद पडलेली नाही. ती लांबच्या प्रवासात, इंजिन पुरते तापलेले असताना चालत्या वेगात बंद पडली आणि थंड झाल्यावर सुरू झाली. ही लक्षणे क्रँकशाफ्ट सेन्सरची असू शकतात. हा सेन्सर इंजिनाच्या फिरण्याची खबर संगणकाला देतो. त्याच्या आतील तार तापल्यावर तुटक होते, खबर थांबते आणि संगणक ठिणगी व पेट्रोल दोन्ही बंद करतो. निवल्यावर तार पुन्हा जुळते. इंधन पंप किंवा त्याचा रिले (विजेचा स्विच) यांच्यावरही संशय ठेवावा. म्हणून थंड गाडीला स्कॅनर लावून ‘दोष नाही’ म्हणणे म्हणजे ताप उतरल्यावर थर्मामीटर लावण्यासारखे आहे. गाडी तासभर पळवून, स्कॅनर जोडलेलाच ठेवून, चालू आकडे पाहण्याचा आग्रह धरा. पी ०३३५ हा या सेन्सरच्या दोषाचा कोड साठलेला दिसला तर प्रश्न सुटला, पण तो नाही दिसला म्हणून सेन्सर निर्दोष ठरत नाही.

आता रेसविषयी. आजच्या गाड्यांत पेडलपासून इंजिनापर्यंत केबल नसते. पेडलमध्ये दोन सेन्सर असतात, संगणक दोघांची साक्ष ताडून पाहतो आणि ती जुळली नाही, तर इंजिनाची ताकद स्वतःच कमी करतो. त्यामुळे असा दोष बहुधा गाडी पळवण्याऐवजी रांगायला लावतो. म्हणून संगणकावर आळ घेण्याआधी खाली वाकून पायाजवळ पाहा. आपण मूळ मॅटवर बाजारातील जाड रबरी मॅट टाकली आहे का? २००९ मध्ये कॅलिफोर्नियात एका लेक्सस गाडीत दुसऱ्या मॉडेलची मॅट बसवलेली होती. तीत पेडल अडकले आणि चार जणांचा जीव गेला. त्यानंतर टोयोटाने मॅट आणि चिकटणारे पेडल यांसाठी लाखो गाड्या परत बोलावल्या. अमेरिकी सरकारने नासाच्या अभियंत्यांकडून तपास करून घेतला आणि फेब्रुवारी २०११ च्या अहवालात गाड्या अशा बेफाम सुटण्यामागे इलेक्ट्रॉनिक दोष सापडला नाही असे म्हटले. मात्र ग्राहकांची दिशाभूल केल्याबद्दल त्याच कंपनीला २०१४ मध्ये १२० कोटी डॉलर भरावे लागले, हेही लक्षात असू द्या.

आणखी एक. पुन्हा तसे झाले, तर ब्रेक एकदाच आणि पूर्ण ताकदीने दाबून धरावा; सोडून पुन्हा दाबू नये. थ्रॉटल उघडे असताना ब्रेकच्या बूस्टरला (पायाचा जोर वाढवणाऱ्या भागाला) नवी निर्वात पोकळी मिळत नाही आणि दोन-तीन वेळा दाबल्यावर ब्रेक लाकडासारखा कडक होतो. त्याच वेळी गिअर न्यूट्रलला टाकावा. इंजिन किंचाळेल, किंचाळू द्या. संगणक त्याला मर्यादेपलीकडे जाऊ देत नाही. चालत्या गाडीची किल्ली काढून घेऊ नये, कारण स्टिअरिंगला कुलूप बसू शकते.

निपाणीची शिक्षिका

आपण चुकलात असे मला मुळीच म्हणायचे नाही, पण आमच्या घरी घडलेले सांगणे मला आवश्यक वाटते. माझ्या सासऱ्यांनी चाळीस वर्षे क्लचची गाडी चालवली आणि सत्तराव्या वर्षी ऑटोमॅटिक घेतली. अंगणातून मागे घेताना गाडी ‘आपोआप’ सुटली आणि तुळशीवृंदावनाला धडकली. त्यांनी ब्रेकच दाबला होता, असे ते आजही शपथेवर सांगतात. ते खोटे बोलत नाहीत, याची मला खात्री आहे. परंतु गाडी वळवताना माणूस मागे पाहायला अंग वळवतो, पाय नकळत सरकतो, आणि गाडी थांबत नाही म्हटल्यावर तो तेच पेडल अधिक जोराने दाबतो. अमेरिकेत १९८० च्या दशकात आऊडी ५००० या गाडीविषयी अशाच शेकडो तक्रारी आल्या होत्या आणि १९८९ च्या सरकारी अभ्यासाने बहुतेक प्रसंगांत चुकीचे पेडल दाबले गेल्याचा निष्कर्ष काढला. आपला प्रसंग वेगळा दिसतो, कारण ब्रेक दाबल्यावर आपली गाडी थांबली. म्हणूनच हा फरक तक्रारीत स्पष्ट लिहावा. अन्यथा समोरचे लोक पहिल्यांदा हेच कारण पुढे करतील.

तिसऱ्या गेटाजवळचा

मी वकिली करतो. जॉब कार्डावर आपली तक्रार नेमकी कोणत्या शब्दांत लिहिली गेली आहे, ते आधी कळवावे.

खानापूरकर

कार्ड काढून पाहिले आणि कपाळावर हात मारून घेतला. मी मराठीत ‘पाय उचलला तरी रेस सुटत नाही’ असे सांगितले होते. काउंटरवरच्या मुलाने ते आतल्या मिस्त्रीला कानडीत सांगितले आणि संगणकावर इंग्रजीत टाइप केले. कार्डावर फक्त ‘पिकअप प्रॉब्लेम’ इतकेच आहे. घाटात बंद पडल्याचा उल्लेखच नाही.

तिसऱ्या गेटाजवळचा

मला तीच शंका होती. आपल्या भागात तक्रार तीन भाषांतून प्रवास करते आणि वाटेत तिचा जीव जातो. ‘पिकअप प्रॉब्लेम’ म्हणजे गाडी हळू चालते, असा अर्थ उद्या काढला जाईल, जो आपल्या म्हणण्याच्या नेमका उलट आहे. आता तारीख, ठिकाण, वेग, इंजिन किती वेळ चालू होते आणि किती मिनिटांनी सुरू झाले, हे सारे स्वतः लिहून सेंटरला आणि कंपनीला ईमेल करा. पुढच्या वेळी कार्डावर सही करण्यापूर्वी वाक्य वाचून दाखवायला सांगा.

कोल्हापूर की बेळगाव, या वादात पडण्याचे कारण नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी-व्यवसाय करतो, तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगातही तक्रार करता येते, म्हणजे गाडी कोल्हापुरात घेतली असली तरी बेळगावचा आयोग आपल्याला खुला आहे. मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगच पुरतो. कारण उद्भवल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे; तिथे नोंदवलेली तक्रार पुढे पुरावा म्हणून उपयोगी पडते.

दुसरी गोष्ट, चॅसी क्रमांक घेऊन कंपनीच्या संकेतस्थळावर रिकॉल तपासा. जुलै २०२० मध्ये मारुती सुझुकीने इंधन पंपाच्या संभाव्य दोषासाठी वॅगन आर आणि बलेनो मिळून १,३४,८८५ गाड्या तपासणीसाठी बोलावल्या होत्या. अशा मोहिमेत दुरुस्ती मोफत होते, पण पत्ता बदललेल्या मालकापर्यंत पत्र पोहोचतेच असे नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११०-अ आले. त्यानुसार ठरावीक प्रमाणात मालकांच्या तक्रारी आल्यास केंद्र सरकार सक्तीने रिकॉल करवू शकते, आणि सात वर्षांहून जुन्या नसलेल्या गाड्यांसाठी मालकाला ती तक्रार ऑनलाइन नोंदवता येते. एकट्याच्या नोंदीने काही हलत नाही, तरीही ती करावी, कारण तो आकडा अशाच नोंदींनी भरतो.

हिंडलगा रोड

फोरमनसाहेबांनी किल्लीचा विषय काढला म्हणून लिहितो. किल्ली फिरवून सुरू होणारी गाडी असेल, तर जुडगा हलका ठेवा. आमच्याकडे घर, दुकान, गोडाऊन आणि सौंदत्तीच्या यल्लम्माचे लॉकेट असा पाव किलोचा ऐवज किल्लीला लटकलेला असतो. जनरल मोटर्सच्या गाड्यांत किल्लीचे स्विच इतके सैल होते, की वजनाने किंवा धक्क्याने ती मागे सरकून इंजिन बंद व्हायचे आणि एअरबॅगही उघडत नसे. २०१४ मध्ये त्या गाड्या परत बोलावल्या गेल्या.

खानापूरकर

महिन्याभराने लिहितो आहे, उशिराबद्दल क्षमस्व. माझी गाडी बटणाची असल्यामुळे किल्लीचा प्रश्न नव्हता. मॅटविषयी मात्र फोरमनसाहेबांचे शब्द खरे ठरले. खडे बाजारातून घेतलेली जाड मॅट मूळ मॅटवर टाकलेली होती, तिचा हुक लागतच नव्हता आणि तिच्या वरच्या काठावर पेडलच्या टोकाचा अर्धगोल वण उमटलेला होता. ती मॅट मी काढून टाकली, पण फेकलेली नाही. फोटो काढून पिशवीत बांधून ठेवली आहे.

घाटातल्या प्रकारासाठी ईमेल केल्यावर सेंटरचा सूर बदलला. त्यांचा माणूस स्कॅनर मांडीवर घेऊन संकेश्वरपर्यंत आला. परतताना, जवळजवळ तासभर गाडी चालल्यावर, इंजिन चालू असतानाच फेऱ्यांचा आकडा दोनदा शून्यावर जाऊन आला. गाडी मात्र बंद पडली नाही. क्रँक सेन्सर वाढीव वॉरंटीत बदलून मिळाला. कार्डावर या वेळी तीन ओळी लिहिलेल्या आहेत आणि सही करण्यापूर्वी मी त्या दोनदा वाचल्या. रिकॉलच्या यादीत माझा चॅसी क्रमांक नव्हता.

तेव्हापासून निपाणीच्या चार फेऱ्या झाल्या आणि गाडी बंद पडलेली नाही. बायको विचारते की चोर्ल्याला कधी जायचे. मी आणखी चार फेऱ्या होऊ दे म्हटले आहे.

जुना फोरमन

काढलेला सेन्सर मागून घ्या. वॉरंटीतला भाग कंपनी ठेवून घेते असे सांगतील. तसे असेल तर त्याचा क्रमांक तरी लिहून घ्या. आणि त्या सेन्सरच्या वायरिंगवर एकदा टॉर्च मारून बघा. भाताच्या मळण्या झाल्या की आपल्याकडचे उंदीर बॉनेटखाली राहायला येतात.