अनुभव धागा: तुमच्या वेळचा प्राइड कसा होता?

प्राइडच्या, म्हणजे आपल्या समलिंगी-ट्रान्स लोकांच्या मोर्च्यावरून घरात काका आणि पुतणीची जुंपली, दोघंही आपल्यातलेच, म्हणून धागा काढलाय. नाव नको, वय टाका आणि बिनधास्त लिहा.

गिरगाव, ६३
कसला मोर्चा न कसलं काय. १९९० ला अशोक राव कवींनी बॉम्बे दोस्त हे गे लोकांसाठीचं मॅगझिन काढलं, ते मी लोकसत्तात गुंडाळून लोकलमधून आणायचो आणि घरी ट्रंकेत आईच्या शालूखाली. कोणाला पत्ता लागला नाही यातच सगळी शान. पुढे एड्सची धास्ती, दोस्त गेले, घरच्यांनी टीबी होता म्हणून सांगितलं. आता पोरं गाल रंगवून इन्स्टावर टाकतात, बरं वाटतं, आणि खरं सांगू का, जरा जळफळाटही होतो.

परळ, ४४
२००८ ला ऑगस्ट क्रांती मैदानातून निघालेल्या मोर्च्यात मी मास्क लावून होतो, टीव्हीचा कॅमेरा दिसला की बॅनरच्या मागे. २००९ ला समलिंगी संबंध गुन्हा नाही असा दिल्ली हायकोर्टाचा निकाल आला तर ऑफिसात पेढे वाटले, कशाचे विचारलं तर भाचा झाला म्हणालो. मग डिसेंबर २०१३, सुप्रीम कोर्टाने ३७७, म्हणजे तो गुन्हा ठरवणारं कलम, परत आणलं आणि आपण पुन्हा गुन्हेगार. पुढच्या मोर्च्याला मास्क घरी ठेवला. अभिमान वगैरे नाही हो, डोकं फिरलं होतं.

मुलुंड, ५५, आई
लेकासोबत एकदाच गेले. निम्मा वेळ पोरांच्या नऊवाऱ्या सावरण्यात गेला, एकालाही काष्टा धड जमत नव्हता.

गोरेगाव, २२
काका लोक, तुमच्याबद्दल रिस्पेक्ट आहेच पण आमचंही ऐका. ६ सप्टेंबर २०१८ ला मी दहावीत, ३७७ गेलं, आईने बातमी बघितली आणि पोळ्या लाटत राहिली. आता कंपनी जूनभर लोगोला इंद्रधनुष्य लावते, न्यूयॉर्कचं १९६९ चं स्टोनवॉल आंदोलन जूनमधलं म्हणून, इकडे आपण छत्र्या शोधतोय, पण मेडिक्लेममध्ये पार्टनरचं नाव घालता येईल का विचारलं तर एचआर नुसती हसली. २०२३ ला कोर्टाने लग्नालाही नाही म्हटलं. सध्या दोघींना वन बीएचके हवाय, एजंट विचारतो बहिणी का, आम्ही हो म्हणतो. म्हणजे आम्हीपण शालूखालीच.

गिरगाव, ६३
गोरेगाव, आमच्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या माळ्यावरची जागा भाड्याने द्यायचीय. सेक्रेटरी मीच आहे. बहिणी वगैरे सांगायची गरज नाही, लिफ्ट मात्र नाहीये. रविवारी बघून जा.