अनुभव धागा : बागेतले सरडे, सापसुरळ्या आणि पाली

शहरातल्या परसात, गच्चीवरच्या कुंड्यांत, कुंपणाच्या भिंतीवर हे प्राणी मुक्कामाला असतात, पण त्यांचा विषय निघतो तो कुणी किंचाळल्यावरच. पक्ष्यांच्या नोंदी आपण हौसेने ठेवतो, मग यांच्या का नकोत? तुम्ही स्वतः पाहिलेलं लिहा, दोन ओळी असल्या तरी चालतील.

सुरुवात मी करते. आमच्या जास्वंदीवरचा सरडा एरवी मातकट. विणीच्या काळात मात्र त्याचं डोकं आणि गळा लालभडक होतो आणि तो कुंपणाच्या खांबावर चढून जोर काढायला लागतो. दुसरा नर दिसला की जोर वाढतात. बहुतेक भांडणं तेवढ्यावरच मिटतात. या लाल गळ्यामुळेच तो रक्त शोषतो असं लोक म्हणतात. खातो बिचारा किडे, मुंग्या, नाकतोडे.

*

मादीला अंडी घालताना पाहिलंय. वाफ्याच्या कडेची ओलसर माती पुढच्या पायांनी उकरायची, थांबून मान वळवून बघायची, पुन्हा उकरायची. अंडी घालून झाल्यावर तिने माती ओढून घेतली आणि तोंडाने ठोकून ठोकून बसवली. मग जी गेली ती परत आली नाही. पुढचं सगळं पिल्लांचं पिल्लांनीच बघायचं.

*

सापसुरळी दिसली की झाडू घेऊन धावणाऱ्यांना कळकळीची विनंती : मारू नका. चकचकीत अंग आणि आखूड पाय यांमुळे ती सापासारखी भासते एवढंच. सापसुरळ्यांची एकही जात विषारी नाही.

*

आमच्या मांजरीने पालीची शेपटी तोडून आणली. शेपटी वळवळत राहिली, पाल निसटली. शेपटी पुन्हा येते हे खरं, पण नव्या शेपटीत मणके नसतात, कूर्चेची दांडी असते. शिवाय शेपटीत चरबीचा साठा असतो, म्हणजे पालीची शिल्लकच जाते. मांजर आता संध्याकाळी घरातच असते.

*

उंदरांसाठी लावलेल्या चिकट पट्टीवर माझ्याकडे पाल अडकली होती. ओढून काढली असती तर कातडी सोलली असती. कापसाच्या बोळ्याने खाण्याचं तेल एकेका पायाखाली सोडत गेलो, नाकातोंडाला लागू दिलं नाही. सुटल्यावर ती जागेवरच बसली आणि जिभेने डोळा पुसून घेतला! घरातल्या पालींना हलत्या पापण्या नसतात, म्हणून डोळे असे साफ करतात. या पट्ट्या बागेत तर नकोतच, घरातही नकोत असं माझं स्पष्ट मत आहे.

*

तातडीचा प्रश्न : कुंडी बदलताना मातीत पांढरी, मऊ कवचाची अंडी दिसली. आता काय करू?

*

शक्य असेल तर तीच माती वर घाला आणि कुंडी तशीच राहू द्या. हलवावीच लागली तर आधी प्रत्येक अंड्याच्या वरच्या बाजूला पेन्सिलीने हलकी खूण करा आणि तीच बाजू वर ठेवून दुसऱ्या ओलसर मातीत ठेवा. उलटंपालटं करू नका. आतला गर्भ कवचाच्या आतल्या बाजूला धरलेला असतो, फिरवलं तर तो दगावू शकतो. माती दमट हवी, चिखल नको. अंडी पक्ष्यांचीही नाहीत, तेव्हा ऊब द्यायला दिवा वगैरे लावू नका.