जॉर्ज जोन्सचं ते गाणं, खरं श्रेय कुणाचं?

कडू_कॉफी
काल परत 'ही स्टॉप्ड लव्हिंग हर टुडे' ऐकलं, मरेपर्यंत एकाच बाईवर प्रेम करत राहिलेल्या माणसाचं गाणं. लोक याला अमेरिकेच्या कंट्री संगीतातलं सगळ्यात भारी गाणं म्हणतात आणि सगळं श्रेय जॉर्ज जोन्सच्या गळ्याला. माझ्या मते गाणं प्रोड्युसर बिली शेरिलचं आहे. जोन्सला ते नकोच होतं, असलं मरणाचं रडगाणं विकत घेणार कोण असं त्याचं म्हणणं. त्यात दारूने पार वाया गेलेला, गाता गाता चाल घसरून क्रिस क्रिस्टोफरसनच्या भलत्याच गाण्यात शिरायची, आणि मधे ती बाई अंत्यविधीला येते ना, तो नुसता बोलायचा तुकडा, तिथे तर जीभच वळेना. गाताना अडखळायचा नाही, बोलताना अडखळायचा! शेरिल सांगायचा की पहिलं कडवं आणि तो तुकडा यात दीड वर्ष गेलं. एवढं करून एप्रिल १९८० ला सिंगल काढला आणि जुलैत कंट्री चार्टवर एक नंबर.

बोरकूट
मग काय झालं? शेरिलसारखे टेपचे तुकडे जोडायला कुणीही बसेल हो. पहिल्या ओळी ऐका, गातोय की शेजाऱ्याची गोष्ट सांगतोय कळत नाही, इतका दबका आवाज. तिने पाठवलेली जुनी पत्रं आणि त्यात लाल पेनाने खुणा केलेल्या ओळी, हे सांगताना दुसरा कुणी असता तर गळा काढला असता. ग्रॅमी जोन्सला मिळालं ते उगाच नाही.

कडू_कॉफी
कुणीही बसेल?? शुद्धीवर असलेला गायक दीड वर्षात किती तास मिळाला असेल त्याला, हिशोब करा जरा.

फुकटचा_वाद
दोघंही लेखकांना विसरलात. बॉबी ब्रॅडॉक आणि कर्ली पुटमन. सीएमएचं (कंट्री म्युझिक असोसिएशन) साँग ऑफ द इयर १९८० आणि १९८१, लागोपाठ दोन वर्षं याच गाण्याला, आणि ते अवॉर्ड लिहिणाऱ्याचं असतं. २०१३ ला जोन्स गेला तेव्हा नॅशव्हिलला ग्रँड ओल ऑप्री या कंट्रीच्या मानाच्या स्टेजवर गायक अ‍ॅलन जॅक्सनने हेच गाणं म्हटलं, शेवटी डोक्यावरची हॅट काढली. तिथे शेरिलची कात्री नव्हती आणि जोन्सचा गळाही नव्हता, तरी लोक रडलेच ना.

कडू_कॉफी
लेखकांकडून परत परत लिहून घेतलं कुणी? बाई शेवटी येते तो भाग पाहिजेच म्हणून शेरिलच अडून बसला होता. तो काढा, मग राहतो एक माणूस जो मेला, बस.

बोरकूट
आणि ती व्हायोलिनं? कोरसला ती जी वर वर चढत जातात, मला तर सिनेमाचं बॅकग्राउंड वाटतं. त्यात मागून कोरस गायिका मिली किर्कमचा तो हाय आवाज. साधं गिटार आणि स्टील गिटार ठेवलं असतं तर जास्त लागलं असतं. शेरिलने सगळ्यांना हाच मुलामा दिलाय, गायिका टॅमी वायनेटलासुद्धा.

फुकटचा_वाद
अहो जोन्सचा दबका आवाज तुम्हाला एवढा भिडतो तो त्या व्हायोलिनांमुळेच, ती चढतात आणि हा खालीच राहतो. तुमच्याच पहिल्या कमेंटच्या विरुद्ध बोलताय तुम्ही 😄

बोरकूट
मुळीच नाही. हेडफोन लावून फक्त आवाजावर कान ठेवा, मग बोलू.